प्रल्हाद शिंद्यांचें गाणें आणि आमचे कान

गाण्याविषयीं ज्याला मत नाहीं असा गृहस्थ आमच्या वर्गांत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. भाजींत मीठ कमी पडलें तर आम्ही मुकाट्यानें वाढून घेतों. परंतु अमक्या बुवांचा स्वर आणि तमक्या बाईंची तान यांवरून दोन सख्खे भाऊ उष्टे हात वाळेपर्यंत पाटावर वाद घालीत बसतात. मात्र हीं सारीं मतें ज्या गायकांविषयीं असतात ते गायक आम्हीं आपण होऊन निवडलेले असतात. तिकीट काढून, मंडळाचे सभासद होऊन, रेडिओचा कांटा फिरवून आम्ही त्यांच्याकडे गेलेलों असतों. जें गाणें न बोलावतां येतें, खिडकी लावली तरी फटींतून आंत शिरतें, त्याविषयींचें आमचें मत बहुधा एका शब्दांत आटोपतें. आणि तो शब्द म्हणजे 'गोंगाट'.

या न बोलावलेल्या गाण्यांपैकीं एका आवाजाविषयीं आज लिहावयाचें आहे. तो आवाज कै. प्रल्हाद शिंदे यांचा. त्यांच्या मागून त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांचा, आणि हल्लीं नातू आदर्श यांचा. तीन पिढ्या या घराण्याचें गाणें महाराष्ट्राच्या कानांवर पडत आहे. सत्यनारायणाच्या पूजेपासून लग्नाच्या वरातीपर्यंत तें जेथें वाजत नाहीं असा प्रसंग विरळा. असें असूनही त्याविषयीं ऐकणारांचें मत काय, हें विचारावयास आमच्या मंडळींपैकीं कोणी गेल्याचें आम्हांस आठवत नाहीं. म्हणून आम्हीं ठरविलें कीं आपल्या घरांतील मतें तर जमवावींच; पण जेथें हें गाणें खरोखर नांदतें तेथेंही जाऊन विचारावें.

तें ठिकाण म्हणून आम्हीं बुवापाडा निवडला. अंबरनाथ म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहारांच्या काळचें वालधुनीच्या कांठचें शिवालय उभें राहील. तें पूर्वेस राहिलें. स्टेशनाच्या पश्चिमेस जें अंबरनाथ आहे तें देवळानें नव्हे, कारखान्यांनीं वसविलें. १९२० च्या दशकांत विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना येथें आला; स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले; शेजारीं लष्करी कँपाच्या जागीं सिंधमधून आलेल्या निर्वासितांचें उल्हासनगर १९४९ मध्यें नांवारूपास आलें. कामाच्या शोधांत घाटावरून, खानदेशांतून, मराठवाड्यांतून, कोंकणांतून माणसें आलीं, आणि ज्यांच्या नांवांत नुसता 'पाडा' उरला होता त्या वस्त्यांतून चाळी आणि बैठीं घरें दाटलीं. बुवापाडा त्यांपैकीं एक. येथें भिंतीवर पंचांग नसलें तरी अडत नाहीं. एप्रिलची चौदा तारीख आली कीं भीमगीतें, आषाढ आला कीं विठ्ठल, श्रावणांत घरोघर सत्यनारायण, भाद्रपदांत गणपति, आश्विनांत अंबाबाई. सण बदलतो, मांडव बदलतो, झेंड्याचा रंगही बदलतो. लाउडस्पीकरवरचा आवाज पुष्कळदां तोच असतो.

आमच्या घरांतील मतें प्रथम सांगतों, कारण तीं थोडक्यांत आहेत. एका निवृत्त प्राध्यापकांचें म्हणणें असें पडलें कीं आवाज आहे, पण तो कमावलेला नाहीं. संगीताची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका भगिनींनीं सांगितलें कीं स्वर पक्का आहे हें नाकबूल करतां येत नाहीं, परंतु गाण्यांत मार्दव म्हणून कांहीं असावें कीं नाहीं? तिसऱ्या एका गृहस्थांनीं 'ओरडणें' हा शब्द वापरला. आणि गंमत अशी कीं ज्यांनीं हा शब्द वापरला त्यांना पंढरीच्या वाटेवरचें तें प्रसिद्ध गाणें पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ होतें. कोठें पाठ केलें असें विचारतां ते म्हणाले कीं पाठ केलें नाहीं, झालें. बदलापूर-मुंबई लोकलमध्यें सकाळीं भजनी मंडळाचा एक डबा असे, त्यांत पंचवीस वर्षें नोकरीच्या निमित्तानें बसणें झालें, तेवढ्यानें झालें.

आतां हें 'ओरडणें' म्हणजे काय, याचा थोडा विचार करणें अवश्य आहे. आमचे कान भावगीतानें घडविले. भावगीत हें मायक्रोफोनचें अपत्य होय. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, आणि जगभर गाणारांच्या ध्यानांत आलें कीं आतां ओरडण्याची गरज उरली नाहीं; ओठांपाशीं कुजबुजलेलें हजार कोसांवर पोंचतें. आमच्याकडे जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या गाण्यानें जी मोहिनी घातली ती या कुजबुजीची. तें खोलीचें गाणें होतें. दिवा मंद करावा, चारसहा माणसें बसावीं, आणि कवितेचा एकेक शब्द जिभेवर खडीसाखरेसारखा विरघळूं द्यावा. या संस्कारानें आमचें कल्याणच झालें; पण गाणें म्हणजे खोलींतलेंच, अशी आमची एक समजूतही त्यानें करून दिली.

प्रल्हाद शिंदे यांचें शिक्षण खोलींत झालें नव्हतें. त्यांचा जन्म १९३३ चा, दलित समाजांतील गरीब घरांत. आईवडील भजनें गात आणि त्यावर घर चाले. मुलाची शाळा तीच. पुढें मुंबईंत इस्माईल आझाद यांच्या कव्वालीच्या पार्टींत ते कोरसमध्यें गात असत. कव्वालीची पार्टी ही गळ्याची तालीमच असते. मुख्य गायकानें ओळ टाकावयाची, साथीदारांनीं टाळ्यांच्या ठेक्यावर ती उचलावयाची, पुन्हां उचलावयाची, आणि समोरच्या पार्टीशीं मुकाबला असेल तर पहाट होईपर्यंत गळा खालीं येऊं द्यावयाचा नाहीं. समोर शेंकडों माणसें उघड्यावर बसलेलीं. त्यांत लेंकरें रडत असतात, चहावाला फिरत असतो. अशा ठिकाणीं शेवटच्या रांगेंतल्या माणसास शब्द कळला नाहीं तर गायक पडला. म्हणून सूर उंच पट्टींत, गळा मोकळा, शब्द तोडून वेगळा केलेला, आणि ओळीच्या शेवटचा स्वर लांबवून धरलेला. आम्ही ज्याला मार्दवाचा अभाव म्हणतों ती वास्तविक अंतराची सोय आहे.

हें आम्हीं पुस्तकांत वाचलेलें नाहीं. बुवापाड्यांत एका गृहस्थांनीं शिकविलें. काड्यापेट्यांच्या कारखान्यांतून ते निवृत्त झालेले. मांडवाच्या तोंडाशीं, लाउडस्पीकरच्या कर्ण्यापासून हाताच्या अंतरावर आम्ही कपाळाला आठ्या घालून उभे होतों तेव्हां ते जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, हे गाणं जवळून ऐकायचं नाही. चला माझ्याबरोबर." त्यांनीं आम्हांस दोन गल्ल्या ओलांडून, एका नळाच्या पलीकडे नेऊन उभें केलें. तेथें मात्र चमत्कार झाला. अगोदर वाजून गेलेल्या एका सिनेमाच्या गाण्याचें तेथें केवळ ढोलकें ऐकूं येत होतें. शब्द हवेंत विरून गेले होते. त्याच कर्ण्यांतून प्रल्हाद शिंद्यांचें गाणें सुरू झालें तें अक्षर न् अक्षर कळूं लागलें, आणि आवाजांतला जो कर्कशपणा आम्हांस टोंचत होता तो वाटेंत कोठें तरी गळून पडला होता. भाकरी थापीत बसलेल्या एका बाई दारांतून गुणगुणत होत्या. आमचे सोबती मिस्किलपणें हंसले. त्यांचें मत विचारण्याची मग आम्हांस गरज वाटली नाहीं.

असो. आवाजाचा प्रश्न येथें मिटला असें धरून चालूं. परंतु आवाजाहून अवघड असा दुसरा एक प्रश्न या गायकाच्या बाबतींत आहे, आणि त्याकडे आम्हांस आमच्याच एका घरानें वळविलें.

डोंबिवलीस आमच्या स्नेह्यांच्या घरीं वास्तुशांतीनंतरची पूजा होती. गुरुजी यावयाचे होते. तोंवर घरांतल्या मुलांनीं प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजांतली सत्यनारायणाची कथा लावून ठेवली होती. घरच्या वडीलधाऱ्या आत्याबाई, वय ऐंशीच्या पुढें, पाटावर हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतें. भाचेसुनेनें सहज विचारलें, "आत्याबाई, हे कोण गातात, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं ऐकते आहे, पण नाव कधी कुणी सांगितलं नाही." नांव सांगितलें गेलें. त्यावर घरांतल्या एका तरुणानें पुस्ती जोडली कीं यांचीं आंबेडकरांवरचीं गाणीं याहूनही गाजलेलीं आहेत, लावूं का? क्षणभर सारे गप्प झाले. मग कोणी तरी विचारलें कीं केळीचे खांब कोठून आणले, आणि बोलणें केळीच्या खांबांवर गेलें. गाणें लावलें गेलें नाहीं. कोणी नको म्हटलें नाहीं, हेंही येथें नमूद करावयास हवें. नको म्हणण्याची वेळच कोणी येऊं दिली नाहीं.

या प्रसंगांत दुष्टपणा कोणाचाच नव्हता. ती माणसें भलीं आहेत, आम्ही त्यांच्यांतलेच. पण त्यावरून इतकें स्पष्ट झालें कीं आमच्या वर्गानें या गायकाचें अर्धेंच गाणें ऐकलें आहे, आणि तेंही त्याचें नांव न विचारतां ऐकलें आहे.

यांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. १ मे १९४७ रोजीं साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें तें विठ्ठलाचें देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुलें व्हावें म्हणून. दहा दिवसांनीं तें सुटलें आणि देऊळ उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रल्हाद शिंदे तेव्हां तेराचौदा वर्षांचे असतील. म्हणजे ज्या देवाच्या उंबऱ्याच्या आंत त्यांच्या आईबापांच्या पिढीला पाऊल टाकण्याची मनाई होती त्या देवाची वाट त्यांनीं पुढें अशी गायिली कीं तें गाणें म्हटल्यावांचून आज वारीचें चित्र पुरें होत नाहीं. चोखोबांची समाधि महाद्वारासमोर बाहेर आहे. सहाशें वर्षांनंतरही त्या वाटेवरचा सर्वांत मोठा लोकप्रिय आवाज बाहेरच्याच माणसाचा असावा, यांतलें मर्म आमच्या भजनी डब्यांतल्या मंडळींच्या ध्यानीं आलें होतें कीं नाहीं, कोण जाणे.

बुवापाड्यांत दुसरें अर्ध ऐकूं येतें; आणि तेथें मतें एका शब्दांत आटोपत नाहींत. एका बौद्ध कुटुंबांत आम्ही दोन तास बसलों होतों. घरांतले थोरले चिरंजीव शाळेंत शिक्षक आहेत. त्यांचें मत परखड होतें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनीं जुने देव मानणार नाहीं अशी प्रतिज्ञा घेतली. मग त्या प्रतिज्ञेचा गौरव ज्या गळ्यानें करावयाचा त्याच गळ्यानें सत्यनारायणाची कथा कशी सांगावी? भीमगीत हें करमणुकीचें गाणें नव्हे, तें एक वचन आहे. वचन देणारानें दोन दारीं उभें राहूं नये. हें बोलतांना त्यांच्या स्वरांत राग नव्हता, पण दुःख होतें. ज्याच्यावर प्रेम असतें त्याच्याचविषयीं माणूस असें बोलतो.

त्यांच्या मातोश्री चुलीशीं बसून हें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तू शिकलास म्हणून तुला प्रतिज्ञा पाठ आहेत रे. मला कोण वाचून दाखवणार होतं?" आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस आजवरच्या सर्व मतांत मोलाचें वाटतें. त्यांना अक्षरओळख नाहीं. बाबासाहेबांचा जन्म महूस झाला, महाडला चवदार तळ्याचें पाणी त्यांनीं घेतलें, नाशकास काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह झाला, नागपुरास दीक्षा झाली, हा सारा वृत्तांत त्यांना क्रमवार ठाऊक होता. आणि तो ठाऊक झाला तो गाण्यांतून. १८९१, १९२७, १९३०, १९५६ हीं सालें त्यांनीं उच्चारलीं नाहींत, पण कोणत्या घटनेमागून कोणती आली यांत त्यांची एकही चूक झाली नाहीं. भीमराव कर्डक यांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत या गायकीचा जो प्रवाह आला त्यानें निरक्षर घरांत चरित्रग्रंथाचें काम केलें. आम्हांस पुस्तकें होतीं. त्यांना गाणें होतें. वामनदादा १५ मे २००४ रोजीं गेले आणि प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजीं. सुमारें सव्वा महिन्यांत हे दोन्ही आवाज थांबले. त्या वर्षीं आमच्या घरांतून त्याची चर्चा झाल्याचें स्मरत नाहीं.

शेजारच्या बैठ्या घरांत सोलापूरकडचें एक वारकरी कुटुंब आहे. तेथील गृहस्थांच्या गळ्यांत तुळशीची माळ होती. त्यांना प्रल्हाद शिंदे म्हणजे केवळ विठ्ठल. भीमगीतें हा विषय काढतांच ते म्हणाले कीं तीं त्यांच्या लोकांचीं, आमचें हें. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहून, एकाच कर्ण्याखालीं झोपून, एकाच गायकाचीं दोन निराळीं अर्धें कवटाळून बसलेलीं हीं दोन घरें पाहिलीं तेव्हां अर्धें ऐकण्याची खोड एकट्या आमचीच नाहीं हें कळलें. तेवढ्यानें आमचें समाधान झालें असें मात्र नाहीं.

गायकानें हीं दोन्हीं अर्धें कां गायिलीं? बुवापाड्यांतील एका बेंजोवाल्या तरुणाचें उत्तर सरळ होतें: कंपनी जें मागेल तें गावें लागतें, पोट सर्वांना असतें. त्यांत तथ्य आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेंत एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटें मावत. १९८० नंतर स्वस्त झालेल्या कॅसेटमध्यें तासाभराचें गाणें मावूं लागलें. सणावारीं खपणारा माल म्हणून देवांच्या गाण्यांना मागणी आली. परंतु हें उत्तर पुरेसें नाहीं. कारण हीं गाणीं लिहिणारांकडे पाहिलें तर तेथेंही तेंच दिसतें. गणपतीवरचें प्रल्हाद शिंद्यांचें सर्वांत प्रसिद्ध गाणें ज्यांनीं लिहिलें ते हरेंद्र जाधव पेशानें शिक्षक. त्यांनींच बाबासाहेबांवरचींही गाजलेलीं गीतें लिहिलीं. ते जानेवारी २०२२ मध्यें निवर्तले. पंढरीच्या वाटेवरच्या गाण्याचे कवि दत्ता पाटील, आणि चाल मधुकर पाठकांची. म्हणजे शिक्षक, कवि, संगीतकार, कव्वालींतून आलेला गायक, अशा नाना घरच्या माणसांनीं एका पेटीभोंवतीं बसून हें गाणें सिद्ध केलें आहे. ज्या देवानें आंत घेतलें नाहीं त्याच्याशीं भांडण करावें, त्याला आळवावें, कीं त्याच्याकडे पाठ फिरवावी, याचीं तिन्हीं उत्तरें एकाच माणसाच्या गळ्यांत राहूं शकतात. माणूस म्हणजे ठरावाचा मसुदा नव्हे.

पेटी म्हटल्यावरून एक आठवलें. आकाशवाणीनें १९४० मध्यें हार्मोनियमला आपल्या दारांतून बाहेर घालविलें, आणि १९७१ पर्यंत तें वाद्य तेथें पुरतें परत आलें नाहीं. त्यांत श्रुतींचें शास्त्र होतें, विद्वत्ता होती. पुढें १९५२ मध्यें डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनीं सिनेमाच्या गाण्यांवर कात्री चालविली; श्रोत्यांनीं मुकाट्यानें कांटा सिलोनकडे फिरविला. केसकर आमच्याच मुशींतले. लोकांची अभिरुचि वरून सुधारतां येते, अशी आमच्या वर्गाची प्रामाणिक श्रद्धा होती. ज्या वर्षांत आम्ही हार्मोनियम शुद्ध कीं अशुद्ध याचा काथ्याकूट करीत होतों त्याच वर्षांत ती पेटी खांद्याला अडकवून प्रल्हाद शिंद्यांसारखे लोक गांवोगांव हिंडत होते.

हें दुखणें आमच्याच देशाचें असें नाहीं. अमेरिकेंत १९२७ च्या उन्हाळ्यांत राल्फ पीअर नांवाचा एक ध्वनिमुद्रक टेनेसी संस्थानच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं यंत्रें घेऊन गेला आणि डोंगरांतल्या गाणारांचे आवाज त्यानें तबकड्यांवर उतरविले. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे त्यांतूनच पुढें आले. शहरांतले सुशिक्षित त्या गाण्याला हेटाळणीनें 'हिलबिली', म्हणजे रानवट डोंगऱ्यांचें गाणें म्हणत, आणि कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी तर कंपन्या निराळीच छापीत. परंतु कार्टर कुटुंबाच्या प्रमुखाबरोबर डोंगरांतून गाणीं गोळा करीत हिंडणारा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णी होता. ऐकलेली चाल ध्यानांत ठेवण्याचें काम त्याचें; तबकडीवर नांव मात्र त्याचें नव्हतें. १९४९ च्या सुमारास व्यापारी पत्रांनीं 'हिलबिली' हा शब्द टाकून त्या गाण्याला अधिक सभ्य असें नवें नांव दिलें. गाणें बदललें नाहीं; गिऱ्हाईक श्रीमंत झालें.

आतां नव्या पिढीच्या गाण्याविषयीं. आनंद शिंदे यांचें पोपटावरील गाणें १९८० नंतरच्या दशकांत कॅसेटींतून गाजलें, तेव्हां आमच्या घरांतून जी नापसंति व्यक्त झाली ती अद्याप पुरती ओसरलेली नाहीं. तें गाणें आम्हांसही फारसें रुचलें नाहीं, हें मोकळेपणीं सांगतों. लग्नाच्या वरातींत तें खपून जातें. पण त्यांत गळ्याला काम नाहीं. बुवापाड्यांतील म्हाताऱ्या मंडळींचेंही मत थेट तेंच पडलें, हें पाहून आम्हांस गंमत वाटली. बापानें डोळ्यांत पाणी आणलें, मुलांनीं नाचविलें, असा एका आजोबांचा निवाडा होता. त्यावर त्यांच्या सूनबाई ताडकन् म्हणाल्या, "मामंजी, रोज रडून कसं चालंल? कामावरून आल्यावर नाचू वाटतं माणसाला." या युक्तिवादाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजोबांपाशींही नव्हतें.

नातू आदर्श शिंदे यांच्याविषयीं मात्र मतें खरोखर विभागलीं आहेत. 'दुनियादारी' या २०१३ च्या चित्रपटांतील देवाच्या गाभाऱ्यावरच्या गाण्यानें ते आमच्या घरांत शिरले. आणि या वेळीं नांवानिशीं शिरले, हा फरक मोठा आहे. आमच्या घरांतल्या मुलीबाळींना त्यांचें नांव, त्यांचे आजोबा कोण, सारें ठाऊक असतें. २०१७ मध्यें विठ्ठलावरील दूरदर्शन-मालिकेचें शीर्षकगीत त्यांनीं म्हटलें आणि २०१९ मध्यें त्याच वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिकेचें शीर्षकगीत म्हटलें. आजोबांच्या वेळीं जीं दोन अर्धें दोन घरांत वांटलीं गेलीं होतीं तीं नातवाच्या वेळीं रात्रीं जेवणाच्या सुमारास एकाच पडद्यावरून सर्वांच्या घरांत आलीं. डोंबिवलीच्या त्या घरांतही तीं आलीं असतील. मालिकेच्या वेळीं केळीचे खांब नसतात.

आवाजाच्या दृष्टीनें आमच्या संगीतज्ञ भगिनींना नातू अधिक आवडतो. गळा तोच, पण त्याला पैलू पाडलेले आहेत, असें त्या म्हणतात. आमचें मत थोडें निराळें आहे. नातवाचा आवाज उत्तम आहे, त्यांत आजोबांची पट्टी आहे आणि शिवाय मार्दवही आहे. पण हल्लींचीं ध्वनिमुद्रणें इतकीं भरगच्च असतात कीं तबले, ढोल, व्हायोलिनें, कोरस यांच्या गर्दींत गाणारा एकटा असा सांपडत नाहीं. आजोबांच्या गाण्यांत एक ढोलकी, एक पेटी, टाळ आणि मागें उचलणारे चार गळे एवढाच संसार असे. त्यामुळें त्यांत एकट्या माणसाची हांक ऐकूं येई. बुवापाड्यांतल्या शिक्षकांना नातवाचें भीमगीत आवडतें, कारण त्यांत शब्दोच्चार शुद्ध आहेत. त्यांच्या मातोश्रींना आवडतें, पण त्या म्हणतात कीं तें ऐकून गोष्ट कळत नाहीं. जुन्या गाण्यांत गोष्ट होती, यांत जयजयकार आहे. वारकरी गृहस्थांनीं नातवाचें विठ्ठलाचें गाणें फोनवर ठेवलें आहे आणि आजोबांचें मेमरी कार्डावर. पहिलें मुलांसाठीं, दुसरें स्वतःसाठीं.

काड्यापेट्यांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आमच्या त्या वाटाड्यांना आम्हीं सर्वांत शेवटीं विचारलें. त्यांनीं नातवाचें गाणें नातीच्या फोनवर ऐकलें होतें. चांगलें आहे, असें म्हणून ते थांबले. मग म्हणाले कीं तळहाताएवढ्या यंत्रावर ऐकून मत द्यावयाचें नाहीं. पुढच्या चौदा एप्रिलला मांडवांत तें लागेल तेव्हां रात्रीं ते नळाच्या पलीकडे जाऊन उभे राहणार आहेत, आणि शब्द तेथवर आले तर आम्हांस कळविणार आहेत.